शेवटच्याला पहिला मान : एनबीएच्या ड्राफ्टची जडणघडण

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी साधारणतः जूनच्या अखेरीस नव्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी होते आणि या वाटणीला ड्राफ्ट असे म्हणतात. या पद्धतीत संघ पाळीपाळीने एकेका खेळाडूचे नाव पुकारतात, आणि सरत्या हंगामात ज्यांची कामगिरी सर्वांत निकृष्ट झाली त्यांना आधी, तर विजेत्यांना शेवटी, असा उलटा क्रम ढोबळमानाने पाळला जातो. एकदा नाव पुकारले गेले की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क लीगपुरता त्या एकट्या संघाकडे जातो, आणि दुसऱ्या कोणा मालकाची त्याला अधिक पैसे देण्याची तयारी असली तरी त्या तयारीचा उपयोग होत नाही. दुबळ्या संघाला बळ मिळावे, श्रीमंत संघांनी सगळे गुणवान खेळाडू पळवू नयेत आणि स्पर्धेत चुरस राहावी, असे या व्यवस्थेचे समर्थन केले जाते. हे समर्थन खोटे नाही. परंतु पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा हा इतिहास बारकाईने पाहिला असता असे दिसते की ड्राफ्ट ही मुळात मालकांनी आपापसांत केलेली तडजोड होती, तिच्यातील जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती आधीच्या नियमातून कोणीतरी वाट काढल्यामुळे करावी लागली, आणि ज्याच्या श्रमाची वाटणी व्हायची त्या तरुणाचे म्हणणे ऐकून घेण्याची वेळ फार उशिरा, तीही न्यायालयाच्या दारातून, आली.

ही कल्पना बास्केटबॉलच्या जगातली नव्हे. अमेरिकी फुटबॉलमधील फिलाडेल्फिया ईगल्स या हरणाऱ्या आणि तोट्यात चालणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये आपल्या सहमालकांपुढे असा प्रस्ताव ठेवला की महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंसाठी एकमेकांवर बोली चढवण्यापेक्षा तळाच्या संघाने आधी निवड करावी. आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातच असा पहिला ड्राफ्ट झाला. बेल यांची अडचण खरी होती, पण धनिक संघांच्या मालकांनीही हा प्रस्ताव मान्य केला याचे कारण केवळ औदार्य नव्हते. बोली थांबली की पगार चढायचे थांबतात, आणि त्याचा लाभ वरच्या संघाला जसा होतो तसाच तळाच्या संघालाही होतो. त्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे, कारण बास्केटबॉलमध्येही अगदी तसेच घडणार होते.

एनबीएची पूर्वज असलेली बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही लीग जून १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी बहुतेक जण मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे मालक होते. आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री या इमारती रिकाम्या राहू नयेत, हा त्यांचा पहिला हेतू होता. त्या काळी बास्केटबॉलची खरी लोकप्रियता महाविद्यालयीन सामन्यांना होती, व्यावसायिक खेळाला फारशी प्रतिष्ठा नव्हती, आणि म्हणून महाविद्यालयात नाव कमावलेला खेळाडू आपल्या संघात असणे हे तिकीटविक्रीच्या दृष्टीने मोलाचे होते. १ जुलै १९४७ रोजी डेट्रॉइट येथे या लीगचा पहिला ड्राफ्ट झाला. पिट्सबर्ग आयर्नमेन या संघाने सर्वप्रथम क्लिफ्टन मॅकनीली याचे नाव घेतले. परंतु मॅकनीलीने टेक्सासमधील एका हायस्कुलात प्रशिक्षक होणे पसंत केले, आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी पिट्सबर्गचा संघच बंद पडला. त्याच ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क निक्स संघाने युटा विद्यापीठाच्या वातारू मिसाका या जपानी वंशाच्या अमेरिकी खेळाडूची निवड केली. दुसऱ्या महायुद्धाला दोनच वर्षे उलटली असताना झालेल्या या निवडीमुळे लीगमध्ये पहिल्यांदा एक गौरेतर खेळाडू उतरला, जरी त्याला तीनच सामने खेळायला मिळाले. काळ्या खेळाडूसाठी मात्र आणखी तीन वर्षे जावी लागली. १९५० च्या ड्राफ्टमध्ये बोस्टन सेल्टिक्सने दुसऱ्या फेरीत चक कूपरचे आणि वॉशिंग्टन कॅपिटल्सने नवव्या फेरीत अर्ल लॉइडचे नाव घेतले, आणि वेळापत्रकाच्या योगाने त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला लॉइड प्रत्यक्ष मैदानावर उतरणारा पहिला ठरला. तोवर काळ्या खेळाडूंना उपजीविकेचे मोठे साधन म्हणजे हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा फिरता प्रदर्शनी संघ होता, आणि त्या संघाच्या सामन्यांमुळे होणाऱ्या गर्दीवर लीगच्या मालकांचेही उत्पन्न काही अंशी अवलंबून असल्याने त्यांचे खेळाडू घेण्यास अनेक जण कचरत होते. कूपरचे नाव उघडपणे पुकारले गेल्यावर ही कुंपणे ढिली झाली.

१९४९ मध्ये ही लीग आणि तिची प्रतिस्पर्धी नॅशनल बास्केटबॉल लीग यांचे विलीनीकरण होऊन एनबीए हे नाव रूढ झाले, आणि त्याच सुमारास ड्राफ्टमध्ये एक विलक्षण तरतूद आली. तिला प्रादेशिक निवड म्हणता येईल. संघाच्या गावापासून सुमारे ५० मैलांच्या आत शिकलेल्या एखाद्या खेळाडूवर संघाला आधीच हक्क सांगता येत असे, मात्र त्या बदल्यात त्याला पहिल्या फेरीतील आपली पाळी सोडावी लागे. ज्या मुलाला गावाने महाविद्यालयात खेळताना पाहिले आहे त्याला पाहायला गाव पुन्हा तिकीट काढून येईल, असा यामागचा सरळ हिशेब होता. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या लिलावात सापडेल. तेव्हा सचिन तेंडुलकर मुंबईकडे आणि सौरव गांगुली कोलकात्याकडे ‘आयकॉन’ खेळाडू म्हणून लिलावाबाहेरच राखून ठेवले गेले होते आणि त्यामागेही शहराच्या आपलेपणाचाच हिशेब होता.

या तरतुदीचा सर्वांत धाडसी उपयोग फिलाडेल्फिया वॉरियर्सचे मालक एडी गॉटलिब यांनी केला. सात फुटांहून उंच असलेला विल्ट चेंबरलेन हा फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक हायस्कुलात शिकला होता, पण महाविद्यालयासाठी तो दूर कॅन्सस विद्यापीठात गेला. कॅन्ससच्या परिसरात एनबीएचा एकही संघ नाही, म्हणजे तेथील कोणाचा प्रादेशिक हक्क डावलला जात नाही, आणि मुलाची कीर्ती तर फिलाडेल्फियातच झाली आहे, असा युक्तिवाद करून गॉटलिब यांनी हायस्कुलाच्या आधारावर त्याच्यावर हक्क सांगितला आणि इतर मालकांकडून तो मान्य करून घेतला. चेंबरलेनने शिक्षण पुरे होण्यापूर्वीच विद्यापीठ सोडले, परंतु त्याच्या बरोबरीचे विद्यार्थी पदवीधर होईपर्यंत एनबीएत येण्यास त्याला नियमाने मज्जाव होता, म्हणून १९५८-५९ चा हंगाम त्याने ग्लोबट्रॉटर्सबरोबर काढला. १९५९ मध्ये तो वॉरियर्सकडे आला आणि पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी ३७.६ गुण मिळवून त्याने वर्षातील सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान पटकावले. ज्या शहराच्या नात्यासाठी एवढी खटपट झाली त्या शहरातून १९६२ मध्ये हाच संघ विकला जाऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि चेंबरलेनही त्याच्याबरोबर गेला. प्रादेशिक हक्काचा आधार गावचे प्रेम हा असला, तरी त्या प्रेमाने मालकावर कोणतेही बंधन घातले नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. सिनसिनाटी रॉयल्सला १९६० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन आणि बोस्टनला १९५६ मध्ये टॉम हाइनसोन हे याच मार्गाने मिळाले. पण ज्या संघांच्या आसपास चांगली महाविद्यालये नव्हती त्यांच्यासाठी ही तरतूद निव्वळ तोट्याची होती, आणि १९६६ पासून ती रद्द झाली.

तिच्या जागी नाणेफेक आली. लीगच्या दोन विभागांत तळाला राहिलेले दोन संघ पहिल्या पाळीसाठी नाणे उडवत आणि हरणारा दुसरी पाळी घेत असे. मार्च १९६९ मधील नाणेफेक या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध खूण आहे. एका बाजूला मिल्वॉकी बक्स आणि दुसऱ्या बाजूला फिनिक्स सन्स, म्हणजे दोन्ही एकाच हंगामाचे नवे संघ, टेलिफोनवर जोडलेले होते. लीगचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी न्यूयॉर्कमध्ये नाणे उडवले. फिनिक्सने आपल्या चाहत्यांचे मत घेऊन ‘छापा’ मागितला आणि काटा पडला. त्या काट्यामुळे ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने विख्यात झालेला खेळाडू, मिल्वॉकीला मिळाला आणि दोनच वर्षांत, १९७१ मध्ये, त्या संघाने विजेतेपद मिळवले. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी एका बाजूचे पाचच खेळाडू असल्यामुळे एका असामान्य खेळाडूचे वजन इतर सांघिक खेळांच्या मानाने फार मोठे असते. ड्राफ्टची ही लीग एवढी आतुरतेने वाट का पाहते, आणि पहिल्या पाळीसाठी मुद्दाम हरण्याचा मोह येथेच इतका तीव्र का असतो, याचे मूळ या साध्या संख्येत आहे.

पाळी ही देण्याघेण्याची वस्तू आहे, हे संघांनी फार लवकर ओळखले होते. १९५६ मध्ये सेंट लुईस हॉक्सने दुसऱ्या पाळीवर घेतलेला बिल रसेल बोस्टनने एड मकॉली आणि क्लिफ हेगन यांच्या बदल्यात मिळवला, आणि पुढील १३ हंगामांत रसेलच्या बोस्टनने ११ विजेतेपदे जिंकली. कालांतराने अजून न आलेल्या वर्षांच्या पाळ्यांचेही व्यवहार होऊ लागले. उलट्या क्रमाचा मूळ उद्देश यात कसा हरवत गेला याचे उत्तम उदाहरण १९८२ मध्ये दिसते: त्या वर्षी लॉस एंजेलिस लेकर्स हे लीगचे विजेते होते, तरीही क्लीव्हलंडकडून पूर्वीच मिळवलेल्या पाळीमुळे पहिला मान त्यांना मिळाला आणि त्यांनी जेम्स वर्दीला घेतले. क्लीव्हलंडचे तत्कालीन मालक टेड स्टेपियन यांनी आपल्या संघाच्या पाळ्या इतक्या सढळ हाताने देऊन टाकल्या की लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीतील पाळीशिवाय कोणताही संघ राहू शकणार नाही असा नियम लीगला करावा लागला, आणि तो आजही स्टेपियन यांच्याच नावाने ओळखला जातो.

या सगळ्या व्यवहारात खेळाडूला काय हवे आहे हा प्रश्न १९७० पर्यंत जवळजवळ अस्पृष्ट राहिला होता. तो पुढे आणणारा स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपी राज्यातील सिल्व्हर सिटी या खेड्यात, कापूस वेचून पोट भरणाऱ्या मोठ्या कुटुंबात जन्मला होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघाचा तो आधारस्तंभ होता आणि त्यानंतर डेट्रॉइट विद्यापीठात त्याने एक वर्ष गाजवले. एनबीएच्या नियमानुसार हायस्कूल संपल्यानंतर चार वर्षे उलटल्याखेरीज कोणालाही लीगमध्ये खेळता येत नव्हते. महाविद्यालयांना आपले खेळाडू चार वर्षे हवे होते आणि लीगला त्या महाविद्यालयांकडून घडवलेले, प्रसिद्धी पावलेले खेळाडू फुकट मिळत होते, त्यामुळे हा नियम दोघांच्याही सोयीचा होता; चार वर्षे बिनपगारी खेळण्याचा भार ज्याच्यावर पडत होता तो यातला तिसरा पक्ष होता. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगने मात्र घरच्या हलाखीचे कारण ग्राह्य धरून हेवूडला डेन्व्हर संघात घेतले. तेथे करारावरून वाद झाल्यावर १९७० च्या अखेरीस एनबीएतील सिॲटल सुपरसॉनिक्सचे मालक सॅम शुलमन यांनी नियम धाब्यावर बसवून त्याच्याशी करार केला, आणि लीगने त्याला खेळू न देण्याचा पवित्रा घेताच प्रकरण न्यायालयात गेले.

हेवूडच्या बाजूचा युक्तिवाद मक्तेदारीविरोधी कायद्यावर उभा होता. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या उद्योगांनी संगनमत करून एखाद्यावर बहिष्कार टाकणे बेकायदा ठरते, आणि एनबीएचे संघ हे असे स्वतंत्र उद्योग असून त्यांनी एका कामगाराला काम नाकारण्यासाठी एकी केली आहे, असे त्यात म्हटले होते. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी हेवूडला खेळू देण्याचा कनिष्ठ न्यायालयाचा हुकूम पुन्हा लागू केला. पुढे दोन्ही पक्षांत समेट झाला आणि हेवूड सिॲटलचाच राहिला. परक्या गावी सामना असला की ध्वनिक्षेपकावरून मैदानात एक बेकायदा खेळाडू आहे अशी घोषणा होई, असे त्याने नंतर सांगितले आहे. २१ वर्षांच्या मुलाने हे सोसले, म्हणून पुढच्या पिढ्यांना वेळेआधी कमावण्याची वाट मोकळी झाली, आणि ड्राफ्टच्या इतिहासात कोणत्याही मालकाच्या वा आयुक्ताच्या नावाआधी हेवूडचे नाव घेतले गेले पाहिजे. लीगने लगेच ‘हार्डशिप’ नावाची सवलत आणली, जिच्यात खेळाडूला आपली गरिबी कागदोपत्री सिद्ध करावी लागे. ही मानहानीकारक अट १९७६ मध्ये निघाली आणि त्यानंतर केवळ अर्ज करून ड्राफ्टमध्ये उतरता येऊ लागले.

त्याच १९७६ मध्ये दुसऱ्या एका खटल्याचा शेवट झाला. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये सर्व खेळाडूंच्या वतीने दावा लावून एनबीए आणि अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन यांच्या विलीनीकरणाला, संघाशी खेळाडूला कायमचे बांधून ठेवणाऱ्या करारांना आणि ड्राफ्टलाही आव्हान दिले होते. तडजोडीतून विलीनीकरणाची वाट मोकळी झाली, करार संपलेल्या खेळाडूला संघ बदलण्याचा टप्प्याटप्प्याने वाढणारा हक्क मिळाला, आणि निवडलेल्या संघाशी करार करायचा नसेल तर एक वर्ष थांबून पुन्हा ड्राफ्टमध्ये उतरण्याची मुभाही मिळाली. ड्राफ्ट मात्र टिकला, इतकेच नव्हे तर तो आता खेळाडू संघटनेच्या संमतीने झालेल्या कराराचा भाग बनला. या बदलाचे महत्त्व वरवर पाहता लक्षात येत नाही, पण पुढील सर्व घडामोडींची किल्ली त्यातच आहे.

ती किल्ली कशी फिरते हे लिऑन वूडच्या खटल्यात दिसले. १९८४ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने त्याला दहाव्या पाळीवर निवडले, परंतु त्या सुमारास संघाच्या एकूण पगारावर घातलेली मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, हा संघ आधीच ओलांडून बसला होता, म्हणून त्याला एका वर्षासाठी ७५,००० डॉलरचा नियमाने किमान असा करार देऊ करण्यात आला. इतर कोणत्याही संघाशी बोलण्याची सोय नसल्याने वूडने ड्राफ्ट आणि पगारमर्यादा या दोहोंवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. मालक आणि कामगार संघटना यांच्यातील सामूहिक करारात काहींना जास्त व काहींना कमी मिळणे स्वाभाविक असून, कराराच्या वेळी नोकरीत नसलेल्या, नंतर येणाऱ्या कामगारालाही तो करार बांधून ठेवतो, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे सुसंगत आहे. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ असा की करारावर मत देणारे सगळे जण आधीपासून लीगमध्ये असतात, उद्याच्या नवोदिताला मत नसते, आणि त्यामुळे वाटाघाटीत जेव्हा काही सोडावे लागते तेव्हा जो खोलीत हजर नाही त्याचाच वाटा सर्वांत आधी सोडला जातो. १९९४ मध्ये पहिल्या पाळीवर आलेल्या ग्लेन रॉबिन्सनने मिल्वॉकीकडून १० वर्षांसाठी ६.८ कोटी डॉलर मिळवले तेव्हा मालकांइतकीच अस्वस्थता अनुभवी खेळाडूंतही पसरली, आणि पुढच्याच वर्षी पाळीच्या क्रमांकानुसार नवोदितांचा पगार ठरवून टाकणारे कोष्टक आले. हायस्कुलातून थेट येणाऱ्यांची परंपरा १९९५ मध्ये केव्हिन गार्नेटपासून नव्याने सुरू होऊन कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्सपर्यंत पोचली होती; २००५ च्या कराराने तीही बंद केली आणि ड्राफ्टच्या वर्षात वयाची १९ वर्षे पूर्ण होणे, तसेच अमेरिकी खेळाडूच्या बाबतीत त्याच्या बरोबरीच्यांनी हायस्कूल सोडून किमान एक वर्ष होणे बंधनकारक केले. न्यायालयाने हेवूडला जे मिळवून दिले त्यातला काही भाग अशा रीतीने खेळाडूंच्याच संघटनेच्या सहीने परत गेला.

नाणेफेकीचा अंत मुद्दाम हरण्याच्या संशयाने झाला. १९८३-८४ च्या हंगामाच्या शेवटी ह्यूस्टन रॉकेट्सचा संघ ज्या रीतीने सामने हरत गेला त्यावर उघड टीका झाली. त्यांनी नाणेफेक जिंकून लागोस येथे जन्मलेल्या हकीम ओलाजुवानला घेतले, दुसऱ्या पाळीवर पोर्टलँडने सॅम बोवीला निवडले आणि तिसऱ्या पाळीवर शिकागोच्या वाट्याला मायकेल जॉर्डन आला. त्याच वर्षी आयुक्तपदी आलेल्या डेव्हिड स्टर्न यांच्या कारकिर्दीत पुढील वर्षीपासून लॉटरी सुरू झाली. १२ मे १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात, प्लेऑफ म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी न गाठलेल्या सात संघांची बोधचिन्हे असलेले सात मोठे लिफाफे एका पारदर्शक गोल पिंपात टाकले गेले, पिंप फिरवले गेले आणि स्टर्न यांनी हात घालून लिफाफे काढले. त्या वर्षीचा हवाहवासा खेळाडू पॅट्रिक युइंग न्यूयॉर्कच्याच संघाला मिळाल्यामुळे, आणि एक लिफाफा पिंपात टाकताना त्याची कड आपटून दुमडल्यासारखी दिसल्यामुळे, सोडत आधीच ठरलेली होती अशी शंका तेव्हापासून घेतली जाते. तिला पुरावा कधीच मिळाला नाही. खरा दोष उघड्यावरच होता: सर्वांना सारखी संधी असल्याने तळाच्या बरोबरीत असलेला गोल्डन स्टेट वॉरियर्स थेट सातव्या पाळीवर ढकलला गेला, म्हणजे दुबळ्याला बळ देण्याचा मूळ हेतूच बाजूला पडला. म्हणून १९८७ पासून फक्त पहिल्या तीन पाळ्या सोडतीने ठरू लागल्या, आणि १९९० मध्ये संधी भारित झाली. ११ संघांत एकूण ६६ संधी वाटून तळाच्याला ११ आणि वरच्याला १ दिली गेली. १९९३ मध्ये नेमकी ती एकमेव संधी ऑरलँडो मॅजिकला लागली, ज्यांनी आदल्याच वर्षी पहिल्या पाळीवर शकील ओनीलला घेतले होते आणि ४१ सामने जिंकून ४१ हरले होते. पुन्हा ओरड झाली, पुन्हा गणित बदलले.

तेव्हा आलेले यंत्र आजही चालते आणि त्याची रीत पाहण्यासारखी आहे. यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू असतात, त्यांतून चार चेंडू निघतात आणि क्रम न पाहता त्यांच्या १,००१ जुळण्या होऊ शकतात. त्यांपैकी एक बाजूला ठेवून उरलेल्या १,००० जुळण्या संघांना आगाऊ वाटून दिलेल्या असतात, म्हणजे शेकडेवारी सरळ दशांशात मांडता येते. दूरचित्रवाणीवर दिसणारा लिफाफ्यांचा सोहळा ही केवळ निकालाची घोषणा असते. प्रत्यक्ष सोडत त्याआधी एका बंद खोलीत, संघांचे प्रतिनिधी आणि मोजके पत्रकार यांच्यासमोर होते. आत जाणाऱ्यांचे फोन काढून घेतले जातात, चेंडू २० सेकंद घुसळले गेल्यावर पहिला आणि मग दर १० सेकंदांनी पुढचा काढला जातो, आणि वेळ सांगणारा माणूस यंत्राकडे पाठ करून उभा असतो. १९८५ च्या शंकेची छाया या प्रत्येक दक्षतेवर पडलेली आहे.

यंत्राने सोडतीतील लबाडीचा संशय कमी केला, पण मुद्दाम हरण्याचा मोह तसाच राहिला, कारण तळाच्या संघाला १,००० पैकी २५० जुळण्या मिळत होत्या. २०१३ पासून फिलाडेल्फियाने सॅम हिंकी या व्यवस्थापकाच्या काळात अनेक हंगाम जाणूनबुजून दुबळा संघ उतरवून पाळ्या साठवल्या आणि २०१५-१६ मध्ये ८२ पैकी फक्त १० सामने जिंकले. नियमात बसणारे असले तरी तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाशी आणि मैदानात जीव तोडून खेळणाऱ्या तरुणांशी हे वागणे प्रामाणिक नव्हते. २०१४ मधील दुरुस्तीचा प्रस्ताव मालकांच्या मतदानात पडला. २०१७ मध्ये तो नव्या रूपात मंजूर झाला आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० जुळण्या मिळू लागल्या, शिवाय सोडत पहिल्या चार पाळ्यांची झाली. २०२५ मध्ये शंभरात दोनही नसलेल्या संधीवर डॅलस मॅव्हरिक्सने पहिली पाळी जिंकली आणि कूपर फ्लॅगला निवडले.

फेऱ्यांची संख्या मात्र कालांतराने घटत आली. १९६० आणि १९६८ मध्ये ड्राफ्ट २१ फेऱ्यांपर्यंत चालला होता, कारण नावे संपेपर्यंत संघ थांबत नसत. १९८४ मध्ये दहाव्या फेरीत शिकागोने धावपटू कार्ल लुईसचे नावही घेऊन टाकले होते. १९८९ पासून दोनच फेऱ्या आहेत, पण निवडीचा भूगोल आता जगभर पसरला आहे. १९७० मध्ये अटलांटा हॉक्सने मेक्सिकोचा मानुएल रागा आणि इटलीचा दिनो मेनेगिन यांची नावे घेतली तेव्हा ती कागदावरच राहिली. २००२ मध्ये चीनचा याओ मिंग पहिल्या पाळीवर निवडला गेला, आणि २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत, ४१ व्या पाळीवर, सर्बियाचा निकोला योकिच मिळाला. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या पाळीवर पंजाबमधील बल्लो के या गावच्या सतनाम सिंगला घेतले. लुधियानाच्या अकादमीत आणि नंतर फ्लोरिडात घडलेला हा सात फूट दोन इंच उंचीचा तरुण ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला, पण एनबीएच्या नियमित हंगामात त्याला कधी खेळता आले नाही. महाराष्ट्राचा या लीगशी संबंध येतो तो दुसऱ्या बाजूने: मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्जचे मालक आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हा संघ मुंबईत वरळीला प्रदर्शनी सामने खेळून गेला.

दुसऱ्या फेरीत निवडलेल्यांना पहिल्या फेरीसारखी पगाराची हमी नसते, आणि जो कोणाकडूनच निवडला जात नाही त्याला कोणत्याही संघाशी बोलण्याची मोकळीक असते. या दोन नियमांचा एकत्रित परिणाम असा झाला आहे की दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धात काही खेळाडूंचे प्रतिनिधी संघांना फोन करून आपल्या खेळाडूचे नाव घेऊ नका अशी विनंती करतात. २०१६ मध्ये फ्रेड व्हॅनव्लीटने ड्राफ्टच्या रात्री आलेले कमी पगाराचे प्रस्ताव नाकारले, न निवडलेला खेळाडू म्हणून टोरांटोशी करार केला आणि २०१९ मध्ये त्या संघाबरोबर विजेतेपद मिळवले. २०२१ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स ४२ व्या पाळीवर ऑस्टिन रीव्हजला घेण्यास तयार असताना त्याने आणि त्याच्या प्रतिनिधींनी नकार कळवला, तो अनिवडित राहिला, आणि त्यानंतर त्याने स्वतःच्या पसंतीने लॉस एंजेलिस लेकर्सशी करार केला.